अतिक्रांतिक पाण्याची अणुभट्टी : टर्बाइन तयार, कसोटी आवरणाची

पाणी तापवले की उकळते आणि त्याची वाफ होते, हा शाळेत शिकलेला नियम जगातील बहुतांश वीजनिर्मितीचा पाया आहे. कोळसा जाळला काय किंवा युरेनियमचे अणू फोडले काय, शेवटी पाण्याची वाफ करायची आणि तिच्या झोतावर टर्बाइन फिरवायचे, एवढेच काम उरते. मात्र हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. दाब २२१ बारच्या वर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २१८ पटींहून अधिक नेला, तर पाणी उकळतच नाही. ३७४ अंश सेल्सिअसपलीकडे तापवत गेले तरी बुडबुडे येत नाहीत, पाण्याला पृष्ठभाग राहत नाही. द्रव आणि वाफ हा भेदच पुसला जातो. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये हाच दाब जेमतेम दोन बार असतो, हे लक्षात घेतले की या अवस्थेची कल्पना येते.

या अवस्थेतील पाण्याला अतिक्रांतिक किंवा सुपरक्रिटिकल पाणी म्हणतात. अशा पाण्याने थेट अणुभट्टीचा गाभा थंड करावा आणि तेच पाणी टर्बाइनवर सोडावे, ही कल्पना गेली सहा दशके अभियंत्यांना खुणावत आहे. तिच्यावर टोकियोपासून कार्ल्सरूपर्यंत आणि कॅनडापासून चीनपर्यंत आराखडे झाले. परंतु अशी एकही अणुभट्टी आजवर उभी राहिलेली नाही. ती का हवी आहे आणि ती का अडली आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पाण्याच्या या एकाच गुणधर्मात दडलेली आहेत.

बंदुकीच्या नळीतला शोध

द्रव आणि वाफ यांतील भेद मिटतो, हे प्रथम फ्रेंच संशोधक शार्ल कान्यार द ला तूर याने १८२२ मध्ये दाखवले. बंदुकीच्या बंद नळीत द्रव आणि गारगोटीची गोळी ठेवून त्याने ती तापवली आणि हलवून आवाज ऐकला. द्रव असेपर्यंत गोळीचा आवाज एका प्रकारचा येई. विशिष्ट तापमानानंतर तो बदले. आत द्रवाचा पृष्ठभाग उरलेला नाही, हे त्याने कानांनी ओळखले. पुढे १८६९ मध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर काटेकोर प्रयोग करून या सीमेला 'क्रांतिक बिंदू' हे नाव दिले.

येथे एका शब्दाबाबत सावध राहायला हवे. अणुभट्टी 'क्रिटिकल झाली' असे वृत्तपत्रांत छापून येते, तेव्हा त्याचा अर्थ तिच्यातील शृंखला अभिक्रिया स्वबळावर चालू राहिली, असा असतो. पाण्याच्या क्रांतिक बिंदूशी त्याचा काही संबंध नाही. अतिक्रांतिक पाण्याची अणुभट्टी म्हणजे हाताबाहेर गेलेली अणुभट्टी नव्हे. फक्त तिच्यातील पाणी त्या बिंदूच्या वरच्या दाबाखाली असते.

कार्यक्षमतेचे गणित

उष्णतेचे विजेत रूपांतर करणाऱ्या कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता वाफ किती तापलेली आहे यावर अवलंबून असते. आजच्या अणुभट्ट्या येथेच मागे पडतात. जगात सर्वाधिक आढळणाऱ्या दाबित पाण्याच्या अणुभट्टीत पाणी सुमारे १५५ बार दाबाखाली राहते आणि ३२५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. ती उष्णता बाष्पजनित्रातून दुसऱ्या पाण्याला देऊन मग वाफ तयार होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन संचांसारख्या उत्कलन पद्धतीच्या अणुभट्टीत पाणी गाभ्यातच उकळते. पण तेथे दाब ७० बारच्या आसपास आणि वाफेचे तापमान २८५ अंशांच्या जवळपास असते. दोन्ही प्रकारांत गाभ्यातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते.

अतिक्रांतिक अणुभट्टीच्या बहुतेक आराखड्यांत पाणी २५० बार दाबाने, २८० अंशांना आत शिरते आणि ५०० अंशांना बाहेर पडते. त्यामुळे कार्यक्षमता ४३ ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते. हा फरक कागदावर लहान दिसतो. मात्र १००० मेगावॉट वीज निर्माण करायची असेल, तर ३३ टक्के कार्यक्षमतेला सुमारे ३००० मेगावॉट उष्णता लागते आणि त्यातील २००० मेगावॉट समुद्रात, नदीत वा हवेत सोडून द्यावी लागते. ४५ टक्क्यांना सुमारे २२०० मेगावॉट उष्णता पुरते आणि वाया जाणारी उष्णता १२०० मेगावॉटवर येते, म्हणजे जवळजवळ ४० टक्के घट. रत्नागिरी जिल्ह्यातील प्रस्तावित जैतापूर प्रकल्पाच्या वादात समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्याविषयी मच्छीमारांनी चिंता व्यक्त केली होती. त्या दृष्टीने पाहता हा आकडा केवळ अभियंत्यांच्या समाधानाचा राहत नाही.

दुसरा लाभ साधेपणाचा. पाणी उकळतच नसल्याने वाफेतून पाणी वेगळे काढणारे विभाजक आणि वाफ कोरडी करणारी उपकरणे लागत नाहीत. बाष्पजनित्रे आणि दाब सांभाळणारे वेगळे पात्रही लागत नाही. प्रत्येक किलो पाणी दाबित पाण्याच्या अणुभट्टीतल्या तुलनेत साधारण दहापट उष्णता घेऊन जाते. साहजिकच तेवढ्याच उष्णतेसाठी सुमारे एक दशांश पाणी फिरवावे लागते. पंप लहान, नळ कमी, इमारत आटोपशीर, असा हा हिशेब आहे.

औष्णिक केंद्रांचा वारसा

या कल्पनेतील निम्मे यंत्र आज बाजारात उपलब्ध आहे. कोळशावर चालणारा पहिला व्यापारी अतिक्रांतिक संच अमेरिकेत ओहायो राज्यातील फिलो केंद्रात १९५७ मध्ये सुरू झाला. आज अशी टर्बाइने जगभर फिरत आहेत. छत्तीसगडमधील सिपत, महाराष्ट्रातील तिरोडा आणि कोराडी येथील ६६० मेगावॉटचे संच याच तत्त्वावर चालतात. अतिक्रांतिक दाबाची वाफ हाताळणे, तिच्यासाठी टर्बाइन घडवणे आणि पाणी कमालीचे शुद्ध राखणे ही विद्या विदर्भातील अभियंत्यांनाही परकी राहिलेली नाही.

मात्र याच वारशात एक इशाराही आहे. फिलोपाठोपाठ फिलाडेल्फियाजवळ एडीस्टोन येथे उभारलेला संच ६४९ अंश तापमान आणि ३४५ बार दाबासाठी रचला होता. धातूच्या अडचणींमुळे तो पुढे कमी तापमानाला आणि दाबाला चालवावा लागला. बॉयलरमधील नळी काही मिलिमीटर जाड असते. तिला किरणोत्सर्ग सोसावा लागत नाही आणि खराब झाली तर संच बंद करून ती बदलता येते. अणुभट्टीतील इंधनाच्या आवरणाला यांपैकी कोणतीच सवलत नाही.

आराखड्यांचा प्रवास

अणुभट्टीतच वाफ अतितप्त करण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात झाले. सोव्हिएत संघातील बेलोयार्स्क येथे १९६४ आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या संचांनी गाभ्यातील खास वाहिन्यांतून ५०० अंशांच्या आसपासची वाफ टर्बाइनला दिली. अमेरिकेतील पाथफाइंडर, प्वेर्तो रिकोमधील बोनस आणि पश्चिम जर्मनीतील ग्रोसवेल्झहाइम या प्रायोगिक अणुभट्ट्या मात्र अल्पायुषी ठरल्या. यांपैकी कोणतीही अतिक्रांतिक दाबाची नव्हती. तरी तप्त वाफेत इंधनाचे आवरण टिकवणे किती कठीण आहे, हे तेव्हाच उमगले होते.

कल्पनेचे पुनरुज्जीवन केले ते टोकियो विद्यापीठातील योशिआकी ओका यांनी. १९८९ पासून त्यांच्या गटाने एकदाच गाभ्यातून जाऊन थेट टर्बाइनकडे वळणाऱ्या पाण्याची रचना पद्धतशीर विकसित केली. २००२ मध्ये चौथ्या पिढीच्या अणुभट्ट्यांसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंचाने सहा प्रकार निवडले. त्यांत साध्या वा जड पाण्याने थंड होणारा प्रकार हा एकटाच होता. युरोपातील संस्थांनी कार्ल्सरूच्या नेतृत्वाखाली १००० मेगावॉटचा आराखडा तयार केला. कॅनडाने आपल्या परंपरेप्रमाणे दाबनळ्यांचा मार्ग धरून ६२५ अंश तापमानाचे आणि ४८ टक्के कार्यक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. चीनमध्येही १००० मेगावॉट क्षमतेचा आराखडा झाला. भारत या मंचाचा सदस्य नाही.

विरळ होत जाणारे पाणी

आराखडा करणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न घनतेचा. २५० बार दाबाखाली २८० अंशांच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे ७८० किलो असते. ५०० अंशांना ती ९० किलोवर येते. गाभ्याच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्या टोकाला जवळजवळ वायू, अशी ही स्थिती आहे. पाणी केवळ उष्णता वाहून नेत नाही. वेगवान न्यूट्रॉनांना मंद करण्याचे कामही तेच करते. पाणी विरळ झाले की हे काम अपुरे पडते. म्हणून प्रत्येक इंधनजुडग्याच्या मध्यभागी एक चौकोनी पेटी ठेवून तिच्यातून थंड पाणी वरून खाली सोडण्याची युक्ती जपानी आणि युरोपीय आराखड्यांत योजलेली आहे. कॅनडाने मंदायकाचे काम कमी दाबाच्या जड पाण्याकडे सोपवले आणि तप्त पाणी उष्णतारोधक अस्तर असलेल्या नळ्यांतून स्वतंत्र ठेवले. मंदायक मुळीच न ठेवता वेगवान न्यूट्रॉनांवर अणुभट्टी चालवण्याचा पर्यायही ओका यांच्या गटाने मांडला.

दुसरा प्रश्न विषम तापमानाचा. कोणत्याही गाभ्यात सर्व वाहिन्यांना सारखी उष्णता मिळत नाही. दाबित पाण्याच्या अणुभट्टीत पाणी गाभ्यातून जाताना साधारण ३५ अंशांनी तापते. एखाद्या वाहिनीला दीडपट उष्णता मिळाली, तर तेथे ते ५० अंशांनी तापेल आणि फारसे बिघडणार नाही. अतिक्रांतिक अणुभट्टीत मात्र हीच दीडपट उष्णता मिळाल्यास त्या वाहिनीतील वाफ ८०० अंशांच्या पुढे जाईल. सरासरी ५०० अंश असूनही एखादा कोपरा वितळण्याच्या दिशेने जावा, असा हा धोका आहे. यावर युरोपीय आराखड्याने बॉयलरकडून धडा घेतला. पाणी गाभ्यातून एकदा नव्हे, तीनदा फिरवायचे. पहिल्या फेरीत ३९० अंशांपर्यंत, दुसऱ्या फेरीत ४३३ आणि तिसऱ्या फेरीत ५०० अंशांपर्यंत तापवायचे. प्रत्येक फेरीनंतर सारे पाणी एकत्र मिसळायचे, म्हणजे एका वाहिनीचा अतिरेक पुढच्या फेरीत जात नाही. उपाय परिणामकारक असला, तरी ज्या साधेपणासाठी ही अणुभट्टी हवी होती, त्याचा काही अंश येथे गमवावा लागतो.

तिसरा प्रश्न उष्णतेच्या संक्रमणाचा. पाणी उकळत नसल्याने इंधनाभोवती वाफेचे पटल तयार होऊन ते अचानक तापण्याचा नेहमीचा धोका टळतो. मात्र २५० बार दाबाला ३८५ अंशांच्या आसपास पाण्याचे गुणधर्म फार झपाट्याने बदलतात. तेथे त्याची विशिष्ट उष्णता नेहमीच्या सुमारे १८ पट होते. प्रवाह पुरेसा असेल तर हे वरदानच आहे. परंतु प्रवाह कमी आणि उष्णता जास्त असेल, तर इंधनालगतचा पातळ थर आधी विरळ होतो, त्यातील खळबळ मंदावते आणि आवरणाचे तापमान चढते. हे नेमके केव्हा घडेल हे सांगणारी सूत्रे अद्याप पूर्ण भरवशाची नाहीत. साध्या नळीत जुळणारी सूत्रे इंधनजुडग्याच्या चिंचोळ्या फटींत चुकू शकतात.

अर्ध्या मिलिमीटरची कसोटी

या साऱ्या प्रश्नांचा भार अखेर इंधनकांडीच्या आवरणावर येतो. आजच्या अणुभट्ट्यांत हे आवरण झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे असते, कारण तो न्यूट्रॉन फारच थोडे शोषतो. मात्र ४०० अंशांपलीकडच्या पाण्यात तो वेगाने गंजतो आणि त्याची ताकद घटते. अतिक्रांतिक अणुभट्टीत आवरणाचे तापमान ६०० अंशांच्या वर जाणार. कॅनडाच्या आराखड्यात तर त्याहून बरेच अधिक. त्यामुळे क्रोमियम आणि निकेल भरपूर असलेल्या स्टेनलेस पोलादाकडे वा निकेलच्या मिश्रधातूंकडे वळावे लागते.

येथे एक कोंडी उभी राहते. पोलाद झिर्कोनियमच्या कितीतरी पट न्यूट्रॉन गिळते. म्हणून आवरण शक्य तितके पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवे आणि इंधनही आजच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेहून अधिक समृद्ध हवे. उलट गंज आणि दाब सोसण्यासाठी आवरण जाड हवे. क्रोमियम वाढवले तर गंज कमी होतो. पण दीर्घकाळ तापलेला तो धातू ठिसूळ होऊ शकतो. निकेल वाढवले तर तप्त अवस्थेतील ताकद वाढते. पण न्यूट्रॉनांच्या माऱ्याने निकेलपासून हेलियम तयार होतो आणि तो धातूच्या कणांच्या सीमांवर साचून भेगांना वाट देतो.

पाण्याचा स्वभावही येथे बदलतो. साध्या पाण्यात सहज विरघळणारे क्षार विरळ अतिक्रांतिक पाण्यात विरघळत नाहीत, तर ऑक्सिजनसारखे वायू त्यात मुक्तपणे मिसळतात. नळांमधून आलेला गंज आणि क्षार सर्वांत तप्त जागी, म्हणजे इंधनावरच साचण्याची भीती राहते. त्यात किरणोत्सर्गामुळे पाण्याचे रेणू फुटून तयार होणाऱ्या आक्रमक घटकांची भर पडते. बॉयलरमधील सहा दशकांचा अनुभव या एका बाबतीत काहीच सांगू शकत नाही.

त्यामुळे खरे उत्तर प्रत्यक्ष किरणोत्सर्गात धातू ठेवूनच मिळेल. चेक प्रजासत्ताकात प्रागजवळील र्‍जेझ येथील संशोधन अणुभट्टीसाठी अतिक्रांतिक पाण्याचे प्रयोगचक्र तयार करण्यात आले. चार इंधनकांड्यांची चाचणी कशी घ्यावी, याची आखणी युरोप आणि चीन यांनी मिळून केली. २०२० मध्ये युरोप, कॅनडा आणि चीन यांनी लहान आकाराच्या अतिक्रांतिक अणुभट्टीचा संयुक्त अभ्यास सुरू केला. आकार लहान ठेवला तर दाबपात्रही आवाक्यात येते. युरोपच्या मोठ्या आराखड्यात त्याची भिंत सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे आजच्या पात्रांच्या जवळपास दुप्पट जाड ठरली होती.

पातळी नव्हे, प्रवाह

सुरक्षेचा विचारही येथे वेगळ्या दिशेने करावा लागतो. उत्कलन पद्धतीच्या अणुभट्टीत चालक पात्रातील पाण्याची पातळी पाहतो. अतिक्रांतिक पाण्याला पातळी नसते. म्हणून ओका यांनी सुरक्षेचे सूत्र बदलले: पाणी किती आहे यापेक्षा ते वाहते आहे का, हे पाहायचे. टर्बाइनकडून परतणारे पाणी थांबले की गाभ्यातील प्रवाहच थांबतो आणि आत साठाही थोडा असतो. अशा वेळी अणुभट्टी तत्काळ बंद करून झडपा उघडायच्या. बाहेर झेपावणारी वाफ पात्रातील थंड पाणी गाभ्यातून ओढून घेते आणि तेवढा अवधी मिळतो. त्यानंतर राखीव पंपांनी पाणी सोडायचे.

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा दाइइची येथे घडलेल्या दुर्घटनेनंतर मात्र राखीव पंपांवरचा विश्वास पुरेसा मानला जात नाही. बंद केलेल्या अणुभट्टीतही सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निर्माण होत राहते. वीज गेली असता ती उष्णता पंपांविना कशी बाहेर काढायची, हा प्रश्न प्रत्येक नव्या आराखड्याला प्रथम विचारला जातो. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी खाली येते, या नैसर्गिक अभिसरणावर त्यासाठी भिस्त ठेवली जाते. अतिक्रांतिक अवस्थेत घनतेतील फरक प्रचंड असल्याने हे अभिसरण जोरकस होते. मात्र ते हेलकावेही खाऊ शकते. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने नेमक्या याच विषयावर प्रयोग केले आहेत. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बारलाच क्रांतिक बिंदू गाठत असल्याने प्रयोगशाळेत तो सोयीचा. त्यावर आधी आणि नंतर पाण्यावर तेथे अभ्यास झाला.

प्रश्न कोणाच्या तिजोरीचा?

निवड झालेल्या सहा प्रकारांपैकी काहींनी दरम्यान पुढची पायरी गाठली. चीनच्या शिदाओ उपसागरातील उच्च तापमानाची, वायूने थंड होणारी अणुभट्टी डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. अतिक्रांतिक पाण्याची अणुभट्टी अद्याप आराखड्यात आणि प्रयोगचक्रांत आहे.

तिच्या मार्गात विज्ञानाचा कोणताही नियम आडवा येत नाही, ही तिची जमेची बाजू. तिचे टर्बाइन कोराडीत आणि तिरोड्यात फिरते आहे, तिचे पाणी साधेच आहे. परंतु अर्ध्या मिलिमीटरचे आवरण काही वर्षे किरणोत्सर्ग, ताण आणि तप्त पाणी सोसून अभंग राहते, हे सिद्ध करण्यासाठी प्रदीर्घ चाचण्या, एक छोटी प्रायोगिक अणुभट्टी आणि मोठा निधी लागेल. आजच्या अणुभट्ट्या कमी कार्यक्षम असल्या, तरी परवान्यासह उपलब्ध आहेत. युरेनियमचा खर्च अणुविजेच्या एकूण खर्चात लहान असल्याने वीज कंपन्यांना केवळ इंधनबचतीसाठी हा धोका पत्करावासा वाटत नाही. उलट समुद्रात जाणारी उष्णता आणि दर युनिटमागे साचणारे वापरलेले इंधन यांचे मोल समाजाने मोजायचे ठरवले, तर हे गणित बदलू शकते. आवरणाची कसोटी प्रयोगशाळेत लागेल. पण ती घ्यायची की नाही, हा निर्णय प्रयोगशाळेबाहेरचा आहे.